एकोणसाठावी सूचना

राठोड सर,

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून तुम्ही एकटेच ॲडमिन आहात. वणीचे दोघं आठवडाभर आत यायला थांबलेत आणि त्यांना आत घेणारं कोणी नाही. सर्व्हर दोन, स्विच दोन, वीजजोडण्या दोन, खोलीच्या किल्ल्यासुद्धा दोन ठेवा, असं सगळ्यांना पाच वर्षं बजावणाऱ्या माणसानं ग्रुपला ॲडमिन मात्र एकच ठेवला, असं परवा पुसदच्या पवार सरांनी लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला. दोन मिनिटांनी त्यांनी ते पुसलं. तुम्ही असता तर पुसू दिलं नसतंत. "चूक हाय तर हाय. राहू द्या," म्हणाला असतात.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. आपल्या शिक्षणसंस्थेच्या अंकात तुमचा फोटो आणि आठ ओळी येणार आहेत. आस्थापना विभागाच्या वानखडे बाबूंनी त्यासाठी मला एक कागद दिला. त्यावर तुमची जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि शिक्षण होतं. "यातूनच काही तरी लिहा मॅडम, तुम्ही तर त्यांच्याच खोलीत बसत होत्या," ते म्हणाले. मी आठ ओळी लिहून दिल्या. त्या बरोबर आहेत. त्यात तुम्ही कुठेच नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ग्रंथालयामागच्या त्या थंड खोलीत आले, तेव्हा तुम्ही स्वेटर घालून बसला होता. बाहेर यवतमाळचा मे महिना होता. मी घाम पुसत दारात उभी राहिले आणि तुम्ही खुंटीवरचा दुसरा स्वेटर माझ्यापुढे धरला. "घाला. पंधरा मिनिटांनं मागानच." मी नाही म्हटलं आणि पंधरा मिनिटांनी मागितला.

मग तुम्ही दोन सर्व्हर दाखवले. "हे दोन डबे दिसून राह्यले ना? याच्यात पंधरा मशिनी हायेत."

"व्हर्च्युअल मशीन्स," मी म्हटलं.

"व्हर्च्युअल म्हनजे काय थे सांगा."

मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत सांगितली. एकही शब्द चुकला नव्हता. तुम्ही मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणालात, "आता माह्या याडीले समजन असं सांगा." तुमच्या घरी आईला याडी म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मला सांगता आलं नसतं. तेव्हा तुम्हीच सांगितलंत. "एक घर हाय. त्याच्यात पंधरा बिऱ्हाडं. प्रत्येकाले वाटते चूल आपली, अंगन आपलं, विहीर आपली. घर एकच हाय हे कोनालेच माहीत नाई. आपलं काम काय? थे त्याईले कळू द्याचं नाई."

माझ्या सगळ्या शिक्षणात मला याहून नेमकी व्याख्या मिळाली नाही.

बिऱ्हाडांना तुम्ही गावांची नावं दिली होती. ग्रंथालयाचं केळापूर. वसतिगृहाच्या हजेरीचं, सगळ्यांत जुनं आणि हट्टी मशीन म्हणजे बोरी अरब, कारण तुमचा तांडा तिथला आणि "आमच्याकडचं कोनाचं ऐकत नाई." प्रवेशाचं मशीन कळंब. ते तिथल्या चिंतामणी गणपतीच्या भरवशावर ठेवलंय असं तुम्ही सांगायचात. एकदा मी घरी जेवताना तुमचा फोन घेतला आणि "कळंब पडलं? पूर्ण?" असं म्हटलं. आई घास हातात धरून उभी राहिली. माझी मावशी कळंबला असते. तुम्ही ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी घरात बोलायची भाषा होती, लिहायची नव्हती, आणि आकड्यांची तर नव्हतीच. रोज सकाळी तुम्ही विचारायचात, "डिस्क किती भरली?"

"सेव्हन्टी नाइन."

"मराठीत."

मी अडखळायचे. एकोणसत्तर की एकोणऐंशी, हे मला बोटं मोजल्याशिवाय कळत नव्हतं. तुम्ही थांबायचात. खरोखर थांबायचात, चहा निवू द्यायचात. "सांग सांग. डिस्क कोठी पयून नाई चालली." मॅडमची मी 'वं', म्हणजे 'गं', कधी झाले ते मला आठवत नाही. "काहून वं, आज गप काहून?" असं तुम्ही विचारलंत की मी आणखी गप्प व्हायचे, पण मला ते आवडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी फारसं काहीच सांगायचे नाही.

ग्रुपचं नाव तुम्ही 'व्हर्च्युअल वऱ्हाड' ठेवलं होतं. विदर्भातल्या कॉलेजांत, दवाखान्यांत, कारखान्यांत एकेकट्यानं अशा खोल्या सांभाळणारी साठेक माणसं त्यावर आहेत. सॉफ्टवेअर कंपनीचं मदत केंद्र फोनवर बारा प्रश्न विचारून मग ईमेल करा म्हणतं. त्यापेक्षा पवार सरांना विचारलेलं बरं, अशातून तो ग्रुप झाला. दर महिन्याला तुम्ही एक सूचना टाकायचात. कोणता नवा अपडेट आला, तो कधी घालावा, काय जपावं. ती मराठीतच असे. मी आल्यावर भांडले होते. या धंद्यातली प्रत्येक आज्ञा इंग्रजीत आहे, वाचणारा प्रत्येक जण इंग्रजी जाणतो, मग मराठी कशाला?

तुम्ही म्हणालात, "जानते ना. पन मशीन बंद पडल्यावर तो घाबरला राह्यते. घाबरल्या मानसाले कोन्या भाषेत सांगा लागते?"

मी म्हटलं की मी घाबरले की इंग्रजीतच विचार करते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मंग तुही सूचना तू इंग्रजीत लिही. हे जिद्द मी सोडली." आणि खरंच सोडली. पुढे कधी तो विषय काढला नाहीत. मीच तुमच्या सूचना टाइप करता करता मराठी लिहायला शिकले. तुम्ही सांगायचात ते वऱ्हाडीत. मी ते पुस्तकी करायचे आणि तुम्ही वाचून म्हणायचात, "हे कोन बोलून राह्यलं? हा कोनी ओळखीचा नाई वाटत." मग आपण दोघं मिळून त्याला मधे कुठेतरी आणायचो.

सूचनेचा नियम एकच होता आणि तो तुमचा होता. सूचना सुरू करायची ती 'माझी चूक' या शब्दांनी. ज्यानं ती चूक स्वतः केली असेल त्यानंच ती सूचना लिहायची. ऐकीव चालणार नाही, कंपनीच्या पानावरून उतरवलेलं चालणार नाही. आधी चूक, मग उपाय.

"माझी चूक: सगळ्या मशिनींचं घड्याळ सर्व्हरवरून चालतं आणि सर्व्हरचंच घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं, हे मी पाहिलं नाही. पूर्ण वसतिगृह आठवडाभर उशिरा आल्याचं लागलं." ही तुमची. "माझी चूक: चार वर्षं बॅकअप घेतला. त्यातून मशीन परत उभं राहतं का, हे एकदाही करून पाहिलं नाही." ही पवार सरांची. ती लिहायला त्यांना दोन महिने लागले होते. लोक हसायचे, चेष्टा करायचे, पण ती चूक पुन्हा ग्रुपमधल्या कोणाकडून झाली नाही.

मला तुम्ही दर महिन्याला म्हणायचात, "या टायमाची तू लिही."

"माझी अजून काही चूक झाली नाही, सर."

"होईन, होईन. घाई नोको करू."

आता जे लिहायचं आहे त्याच्यापाशी आले.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत कळंबला अपडेट घालायचा होता. तुम्ही पांढरकवड्याच्या कॉलेजात होता. मी नियमाप्रमाणे आधी स्नॅपशॉट काढला. तो म्हणजे मशीन त्या क्षणी जसं होतं तशी धरून ठेवलेली स्थिती. काही बिघडलं तर तिथं परत जाता येतं. पण काम झालं की तो काढून टाकायचा असतो, कारण त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठत राहतो आणि ती फाइल डिस्क खात जाते. तुमच्या शब्दांत, "स्नॅपशॉट म्हनजे लग्नातला पाहुना. दोन दिवस शोभते. मंग घरचं धान्य पाह्यते."

अपडेट नीट झाला. तुमचा फोन आला.

"कळंब उठलं?"

"उठलं सर."

"स्नॅपशॉट काढला होता?"

"हो."

"मंग डिलीट केला?"

"हो."

केला नव्हता. माऊस त्यावर नेलेला होता, पुढच्या क्षणी करणारच होते, म्हणून हो म्हटलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुठल्या तरी प्राचार्यांना लॉगिन होत नव्हतं. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे मी आधी मनात वाक्यं लावून घेते, हे तुम्हाला माहीत होतं. ते बोलणं संपलं तेव्हा मी इतकी दमले होते की उठून पाणी प्यायला गेले. स्नॅपशॉट राहिला.

एवढंच असतं तर ती विसरण्याची चूक झाली असती. तसं नव्हतं. एप्रिलमध्ये मला तो दिसला. यादीत कळंबच्या खाली, मीच दिलेल्या नावानं. फाइल बरीच मोठी झाली होती. आता काढून टाकायला घेतला तर मशीन काही तास मंद होणार, तुम्ही विचारणार, आणि फेब्रुवारीतलं ते 'हो' निघणार. मी यादी बंद केली. शनिवारी तुम्ही लवकर गेलात की गुपचूप करू, असं ठरवलं. त्यानंतर किती शनिवार गेले.

जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवशी, कळंब थांबलं. जागाच संपली होती. बाहेर व्हरांड्यात पालक आणि मुलं, हातात फाइली, पासपोर्ट फोटो. तुम्ही दहा मिनिटांत कारण शोधलंत. काही न बोलता बोरी अरब दुसऱ्या सर्व्हरवर हलवलंत, तेव्हा थोडी जागा झाली. मग स्नॅपशॉट काढून टाकायला घेतलात. नव्व्याण्णव टक्क्यांवर तो थांबला आणि तास झाला तरी हलेना. माझा हात रद्द करण्याच्या बटणाकडे गेला.

"हात नोको लावू," तुम्ही म्हणालात. "थे काम करून राह्यलं. दिसत नाई म्हनून काय झालं."

मग तुम्ही एक रजिस्टर घेऊन बाहेर गेलात आणि आलेल्या प्रत्येकाचं नाव ओळीनं लिहून घेतलंत. "नंबर कोनाचाच जानार नाई. पानी पिऊन या, जेवून या." लोक शिव्या देत होते. एका बाईंनी विचारलं, "तुमचं हे मशीन आभासी हाय म्हन्तेत, मंग कायले भरोसा ठेवला?" तुम्ही म्हणालात, "मशीन आभासी हाय, ताई. तुमच्या लेकीचा प्रवेश आभासी नाई. थो होईन." चार वाजता कळंब उठलं आणि सगळे प्रवेश त्याच दिवशी झाले. शेवटचा झाला तेव्हा शिपाई दिवे लावत होता.

पण त्याआधी, दुपारी, सचिव साहेब खोलीत आले होते. "कोणाची चूक आहे ही?"

मी कीबोर्ड हातात धरून उभी होते. का धरला होता माहीत नाही. तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "माझी हाय, साहेब."

मी काही बोलले नाही. त्या खोलीत आपण तिघंच होतो, मी बोलले असते तर ऐकू गेलं असतं.

आठवड्यानं वानखडे बाबू मेमो घेऊन आले. तुम्ही सही केलीत.

"काय आहे सर?"

"प्रेमपत्र."

त्याचं उत्तर तुम्ही स्वतः हातानं लिहिलंत. तीन वर्षांत तुम्ही मला टाइप करायला न दिलेला तो एकच कागद. तुम्हाला त्या उन्हाळ्यात विभागप्रमुख करायचं चाललं होतं. ते 'पुढे पाहू' झालं आणि पुढे कोणी पाहिलं नाही. त्याबद्दल तुमच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही, आणि मी विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या महिन्याची सूचना, सेहेचाळिसावी, तुम्ही मला सांगितलीत आणि मी टाइप केली. "माझी चूक: स्नॅपशॉट गेला का, हे मी विचारलं. डोळ्यानं पाहिलं नाही." मला वाटलं, मला झाकायला तुम्ही शोधलेले हे शब्द आहेत. मी तुमची इतकी ऋणी झाले की तुमच्याकडे नीट पाहता येईना. त्या ओझ्याखाली आणखी गप्प झाले. एकदा पांढरकवड्याच्या एसटीत मी सगळी वाक्यं लावून ठेवली होती. तुम्ही खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलून मला देत होता. मी "सर" म्हटलं. तुम्ही "हं" म्हटलंत. मी म्हटलं, "पाणी आहे का?"

त्यानंतरही तुम्ही दर महिन्याला विचारत राहिलात, "या टायमाची तू लिहितं का?" मीही तेच उत्तर देत राहिले, माझी अजून काही चूक झाली नाही. फक्त तुम्ही आता "होईन, होईन" म्हणत नव्हता. "बरं" म्हणायचात. ते 'बरं' मी वर्षभर ऐकलं आणि त्यात काही आहे हे मला कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

आपलं अपडेटवरचं भांडणही तसंच राहिलं. नवा अपडेट आला की तुम्ही अकरा दिवस थांबायचात. "पहिल्या पंगतीत बसू नोको. मीठ कमी का जास्त, थे दुसऱ्याले कळू दे." मी म्हणायचे, काही अपडेट छिद्र बुजवायला येतात, अकरा दिवस दार उघडं ठेवून पंगतीची वाट पाहायची का? तुम्ही म्हणायचात, दाराशी मी बसलो ना. मागच्या आठवड्यात एक असाच आला. कंपनीनं तातडीचा म्हटलं होतं. मी चौथ्या दिवशी घातला. माझं ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी घालायला हवा होता, तुमचं ऐकलं असतं तर अजून थांबले असते. आधी स्नॅपशॉट काढला, नंतर काढून टाकला, आणि तो गेल्याचं पाहायला यादी तीनदा उघडली. खोलीत कोणी विचारणारं नव्हतं.

तुमच्या तेराव्याला मी बाबांच्या स्कूटरवरून तांड्यावर आले होते. काकूंनी मला दारात पाहिलं. कोणी तरी माझं नाव सांगितलं, तर त्या बघतच राहिल्या. "तूच का प्रज्ञा? मले वाटलं चांगली धिप्पाड बाई असन. हे म्हनत, थे पोरगी मशीनले भेत नाई, मानसाले भेते." बायका हसल्या, काकूही हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. त्यांनी मला स्वतःजवळ बसवून घेतलं. मी त्यांचा हात धरला. सहसा मी कोणाचा हात धरत नाही.

परत येताना बाबा काहीतरी बोलत होते आणि मी एकच विचार करत होते. तुमच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' असा शब्द आहे. तो काकूंच्या घरी कागदांबरोबर जाणार. तो माझा शब्द आहे.

त्याच सुमाराला पवार सरांनी ग्रुपवर लिहिलं, "एकोणसाठावी सूचना कोण लिहिणार? प्रज्ञा मॅडम?" खाली बरेच अंगठे आले. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

मग सोमवारी एका पानाचा अर्ज लिहून वानखडे बाबूंकडे गेले. फेब्रुवारीत मी काय केलं, एप्रिलमध्ये काय पाहिलं आणि का लपवलं, आणि राठोड सरांवरचा ठपका काढावा, असा. बाबूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे कायले, मॅडम? मानूस गेला. फाइल बंद झाली."

"त्यांच्या मेमोला जोडा."

"जोडतो. पन मंग साहेब तुमच्यावर मेमो काढतीन."

"काढू द्या."

"आता राठोड सर असते तर तुम्हाले म्हनले असते, बह्याड हाये काय?"

"नसते म्हणाले," मी म्हटलं. मला त्याची खात्री नव्हती.

बाबूंनी कपाटातून फाइल काढली. मेमो निघाला, आणि त्यामागे टाचणीनं लावलेलं तुमचं उत्तर. तुमचं अक्षर. चारच वाक्यं होती. मी न मागताच बाबूंनी ते माझ्यापुढे सरकवलं.

"फेब्रुवारीत अपडेटच्या दिवशी मी पांढरकवडा येथे होतो. काम पूर्ण झाल्याबाबत फोनवर विचारणा केली, परंतु परत आल्यावर स्वतः पाहिले नाही, ही माझी चूक आहे. खाली सही करणाऱ्याची चूक एवढीच आहे. याव्यतिरिक्त कोणाची चूक असल्यास ती सांगणे हे त्या व्यक्तीचे काम आहे, माझे नाही."

मी ते तिथंच उभी राहून वाचलं. बाबू म्हणाले, "साहेबांनी एवढं वाचलंच नाही. 'माझी चूक आहे' इथंपर्यंत वाचलं आन सही मारली."

म्हणजे सर, तुम्ही मला झाकलं नव्हतं. वर्षभर मी ज्या उपकाराच्या ओझ्यानं तुमच्याकडे पाहू शकले नाही, तो तुम्ही केलाच नव्हता. तुम्ही तुमच्या वाट्याची चूक उचललीत, नेमकी तेवढीच. सूचनेतही तेवढीच लिहिलीत. माझी माझ्यासाठी तशीच ठेवलीत, हात न लावता, आणि दर महिन्याला येऊन विचारत राहिलात.

मला आधी तुमचा राग आला. एकदा तरी सरळ विचारायचं होतंत. एसटीत मी "सर" म्हटलं तेव्हा पुढचं तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही मुकाट्यानं पाण्याची बाटली दिलीत. मग वाटलं, तुम्ही सरळ विचारलं असतं तर मी पुन्हा 'हो' किंवा 'नाही' असं काहीतरी पटकन म्हटलं असतं. ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. यावर मला तुमच्याशी अजून भांडायचं आहे. सांगणाऱ्याला एवढी वाट पाहायला लावू नये, असं माझं म्हणणं आहे. तुमचं म्हणणं मी अंदाजानं लिहिणार नाही.

सूचना मी काल दुपारी टाकली. मराठीत. "माझी चूक: स्नॅपशॉट राहिला ही नव्हे. दोन महिन्यांनी तो दिसला तेव्हा मी सांगितलं नाही, कारण आधी खोटं बोलले होते. उपाय: दिसल्या क्षणी सांगा. फाइल रोज मोठी होते, आणि सांगणं त्याहून जास्त अवघड होत जातं." खाली पायऱ्या दिल्या, जागा कशी करायची, नव्व्याण्णववर का थांबायचं. मग अकोल्याच्या एका मॅडमनी विचारलं, "दुसऱ्या सर्व्हरवर पण जागा नसती तर?" मी उत्तर लिहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी फोन केला. वाक्यं लावून ठेवायला वेळ मिळाला नाही.

आज सकाळी वानखडे बाबू मेमो घेऊन आले. 'सदर प्रकरणी आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा.' मी सही केली आणि खुलासा आजच लिहायला घेतला. दीड पान झालं आहे. त्यात तुमचं नाव मी कुठेही येऊ दिलेलं नाही. तुमची चूक तुम्ही सांगितलेली आहे.